मिठाच्या चिमटीतून आलेला समुद्र

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘वय वाढताना स्मरणशक्ती कशी जपावी’. आपण सगळे साठीच्या उंबरठ्यावर आलोय, तेव्हा विषय योग्यच आहे. मी तीस वर्षं फार्मसीच्या मुलांना औषधीशास्त्र शिकवलं, म्हणून हे काम माझ्या वाट्याला आलं असावं. नाहीतर पाढे विसरण्यात माझा नंबर वर्गात कितवा होता, हे समोर बसलेल्या बाईंना चांगलं आठवत असेल. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे!

मी मात्र हा विषय एका वेगळ्या वाटेनं सांगणार आहे. समुद्रशैवालाच्या वाटेनं. समुद्रशैवाल म्हणजे समुद्रात उगवणारी शेवाळासारखी वनस्पती. इंग्रजीत तिला ‘सीवीड’ म्हणतात. तुम्ही म्हणाल, यवतमाळ जिल्ह्यात बसून समुद्राच्या शेवाळाचं काय घेऊन बसलीस? आपल्याला माहीत असलेलं पाणी म्हणजे पैनगंगा, वर्धा, अरुणावती. इथून पूर्वेला निघा की पश्चिमेला, समुद्र पाचशे किलोमीटरहून दूर. शाळेत असताना आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिला तो नकाशात, निळी पेन्सिल घासताना.

पण कारण आहे. गेल्या वर्षी आपल्याच एका मित्राचा मला फोन आला. त्याची परवानगी घेऊनच सांगते, नाव सांगत नाही. त्याच्या आईचं वय ऐंशीच्या पुढे. हळूहळू विसरायला लागल्या होत्या. जेवण झालं तरी ‘जेवायला वाढा’ म्हणायच्या, भर दुपारी माहेरी निघायच्या. त्याला कुणीतरी कॅप्सूलची एक डबी आणून दिली. वर समुद्राचं चित्र, आत तपकिरी शैवालाचा अर्क. मेंदूच्या पेशी पुन्हा ताज्या होतात, जपानी लोक म्हणूनच म्हातारपणीही तल्लख असतात, असं सांगून दिली. महिन्याला अडीच हजार रुपये. मित्र म्हणाला, “तू औषधं शिकवते ना वं? सांग बरं, मायले देऊ का नको देऊ?”

अडीच हजार रुपये म्हणजे काय, हे कापूस पिकवणाऱ्या घराला सांगायला नको. आणि प्रश्न नुसत्या पैशाचाही नव्हता. माय आपल्याला ओळखेनाशी होतेय आणि आपण काहीच करत नाही, असं मुलाला वाटणं फार जड असतं. अशा वेळी माणूस कुठलीही डबी विकत घेतो. म्हणून त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात देता येईना. ते आज सगळ्यांसमोर सविस्तर देते.

पहिली गोष्ट ही की समुद्रशैवाल आपल्याला अगदीच परकं नाही. उपासाच्या किंवा लग्नाच्या जेवणात जेली, पुडिंग घट्ट करायला ‘चायना ग्रास’ वापरतात ना, ते लाल समुद्रशैवालापासून काढतात. पुष्कळ आइस्क्रीमांत आणि टूथपेस्टमध्येही शैवालातला चिकट पदार्थ असतो. रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर सरगॅसम, उल्वा अशी शैवालं उगवतात, पण कोकणाच्या ताटात मासळी आली तशी ती आली नाहीत. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायका समुद्रात उतरून शैवाल काढतात, त्याची शेतीही करतात. जपान, कोरिया, चीनमध्ये मात्र ते रोजच्या जेवणात असतं. सुशीभोवती गुंडाळतात ती नोरी, सूपमध्ये घालतात ते वाकामे आणि रस्स्याला चव आणणारं कोंबू.

आता मेंदूचं. समुद्रशैवालानं माणसाच्या मेंदूवर एक फार मोठा उपकार केलेला आहे. तो पुरता सिद्ध झालेला आहे आणि तो आपल्या प्रत्येकाच्या घरात पोचलेलाही आहे. फक्त तो कॅप्सूलमधून आला नाही, मिठातून आला.

ही गोष्ट १८११ ची. फ्रान्समध्ये नेपोलियनची युद्धं चालू होती आणि बंदुकीच्या दारूसाठी सोरा लागत होता. बर्नार कुर्त्वा नावाचा एक कारखानदार सोरा तयार करण्यासाठी समुद्रशैवालाची राख वापरायचा. एकदा त्या राखेच्या द्रावात तीव्र गंधकाम्ल जास्त पडलं आणि भांड्यातून जांभळी वाफ निघाली. ती थंड पृष्ठभागावर लागून तिचे काळसर चकचकीत स्फटिक झाले. ते आयोडीन. नाव पडलं ते ग्रीक भाषेतल्या जांभळ्या रंगाच्या शब्दावरून. आपल्या प्रयोगशाळेत सरांनी आयोडीन तापवून जांभळी वाफ दाखवली होती, ती हीच.

समुद्राच्या पाण्यात आयोडीन अगदी थोडं असतं, पण शैवाल ते शोषून स्वतःत साठवतं. जमिनीवर उलटा प्रकार. पाऊस आणि पूर शतकानुशतकं मातीतलं आयोडीन धुऊन नेतात. त्या मातीतल्या धान्यात ते कमी, म्हणून ते धान्य खाणाऱ्यांतही कमी. गळ्याजवळची थायरॉईड ग्रंथी आयोडीन वापरून जे संप्रेरक तयार करते, त्यावर पोटातल्या बाळाच्या मेंदूची घडण अवलंबून असते. आईला आयोडीन फारच कमी पडलं तर मूल मतिमंद, बहिरं-मुकं, खुजं जन्मू शकतं. थोडं कमी पडलं तर मूल दिसायला चांगलं, पण शिकायला मागे. एका मोठ्या विश्लेषणात आयोडीनचा तीव्र अभाव असलेल्या वस्त्यांतल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी सुमारे साडेतेरा गुणांनी कमी आढळला होता. वर्गात मागच्या बाकावर बसणारं एखादं पोर ‘ढ’ नसतं, त्याच्या आईच्या मिठात काहीतरी कमी असतं, असा याचा अर्थ आहे. शिक्षकांनी हे वाक्य लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

आपल्या देशात याचा पुरावा मिळाला तो हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून तिथे आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं आणि काही वर्षांत गलगंडाचं प्रमाण ठळकपणे उतरलं. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे लक्षात आलं की हा फक्त डोंगरी भागाचा प्रश्न नाही. म्हणून १९८४ मध्ये, म्हणजे आपण दहावी झालो त्याच वर्षी, देशातलं खाण्याचं सगळंच मीठ आयोडीनयुक्त करायचं धोरण ठरलं आणि १९८६ पासून ते टप्प्याटप्प्यानं अमलात आलं. आपल्या लहानपणी किराणा दुकानाबाहेर जाड्या मिठाचं उघडं पोतं असायचं, पावसाळ्यात त्याला पाणी सुटायचं, आठवतं? ते पोतं जाऊन बंद पुडा आला, त्यामागे हे कारण होतं. आज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ९४ टक्क्यांहून अधिक घरांत आयोडीनयुक्त मीठ वापरलं जातं.

इथे एक खुलासा करते, नाहीतर विज्ञानाचे सर मला खाली बसवतील. आज मिठात घालतात ते आयोडीन शैवालातून काढत नाहीत. ते मुख्यतः चिलीतल्या खनिजातून आणि जपानमधल्या खाऱ्या भूजलातून मिळतं. पण हे मूलद्रव्य माणसाला पहिल्यांदा सापडलं ते शैवालाच्या राखेत. आणि लागतं तरी किती? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. जन्मभराचं एकत्र केलं तरी चहाचा एक चमचा भरत नाही. एवढ्याशा वस्तूवर पिढीची बुद्धी अवलंबून असते.

मिठाचा आणि आपल्या जिल्ह्याचा संबंध काढायचा तर आणखी एक आठवण सांगायला हवी. १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, तेव्हा आपल्याकडे उचलायला समुद्रच नव्हता. म्हणून १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, राखीव रानातलं गवत कापून कायदा मोडला. वणीच्या या माणसानं, आपल्याकडे समुद्र नाही म्हणून रडत न बसता जे हाताशी होतं त्यातून मार्ग काढला. माझ्या आजच्या बोलण्याचाही मथितार्थ तोच आहे.

आता त्या कॅप्सूलकडे येते. तपकिरी शैवालात फ्युकॉयडन नावाची एक गुंतागुंतीची शर्करा असते, फ्युकोझँथिन नावाचं नारिंगी रंगद्रव्य असतं आणि फ्लोरोटॅनिन नावाचे, चहातल्या टॅनिनच्या जातीचे पदार्थ असतात. या तिन्हींवर जगभर संशोधन चालू आहे, ते खोटं नाही. काचेच्या बशीत वाढवलेल्या चेतापेशींवर आणि उंदरांवर हे पदार्थ दाह कमी करतात, पेशींची झीज रोखतात, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाचा त्रास कमी करतात, असं पुष्कळ प्रयोगांत दिसलं आहे.

पण बशी म्हणजे माणूस नव्हे. हे यवतमाळच्या माणसाला समजावणं सगळ्यात सोपं आहे. बियाण्याच्या पिशवीवरचा फोटो आठवा. झाड बोंडांनी लदलेलं, फांदी वाकलेली. ते झाड खोटं नसतं. कुठेतरी भारी जमिनीत, ठिबकवर, निगराणीत ते तसं आलेलं असतं. पण तेच बियाणं आपल्या मुरमाड कोरडवाहू रानात, पावसानं महिनाभर ओढ दिल्यावर, बोंडअळी पडल्यावर काय देतं, ते आपल्याला ठाऊक आहे. प्रयोगशाळेतला निकाल हा पिशवीवरचा फोटो. माणसांवरची नीट केलेली चाचणी म्हणजे आपल्या रानातलं पीक. फ्युकॉयडनसारखा मोठा रेणू गिळल्यावर आतड्यातून रक्तात किती जातो, रक्तातून मेंदूभोवतीची चाळणी ओलांडून किती आत शिरतो, बशीत वापरली तेवढी मात्रा तिथे पोचते का, हे प्रश्न मध्ये उभे असतात.

मग रानातलं पीक कुणी काढून पाहिलं का? पाहिलं. दोन उदाहरणं सांगते.

पहिलं चीनमधलं. तपकिरी शैवालातल्या शर्करेपासून तयार केलेल्या एका औषधाला तिथे नोव्हेंबर २०१९ मध्ये सौम्य ते मध्यम अल्झायमरसाठी सशर्त मंजुरी मिळाली. त्याचं नाव जीव्ही-९७१. आठशेहून अधिक रुग्णांवर नऊ महिन्यांच्या आसपास चाचणी झाली होती आणि स्मरणशक्तीच्या गुणांत फरक दिसला होता. सगळ्या जगात बातमी झाली. पण तज्ज्ञांनी शंका काढल्या. चाचणीचा काळ थोडा होता आणि खोटी गोळी घेणाऱ्या गटाचे गुण शेवटच्या काही आठवड्यांत एकदम घसरलेले दिसत होते. म्हणून इतर देशांत मोठी चाचणी सुरू झाली. ती २०२२ मध्ये अर्ध्यावरच थांबवण्यात आली. कंपनीनं पैशाची आणि महासाथीची अडचण सांगितली. म्हणजे जो निकाल सगळ्यांना हवा होता, तो आलाच नाही.

दुसरं उदाहरण डीएचए या मेदाम्लाचं. मासे खाल्ले की मेंदू चांगला राहतो, असं आपण ऐकतो. त्यातलं डीएचए मुळात मासा तयार करत नाही. सूक्ष्म शैवाल ते तयार करतं, ते लहान जीव खातात, त्यांना मासे खातात. म्हणून शास्त्रज्ञांनी थेट शैवालापासून काढलेलं डीएचए घेतलं आणि अमेरिकेत अल्झायमरच्या ४०२ रुग्णांवर दीड वर्ष चाचणी केली. काहींना रोज दोन ग्रॅम डीएचए, काहींना तसाच दिसणारा नुसता पदार्थ. निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांची स्मरणशक्ती सारख्याच वेगानं घसरत गेली. कल्पना चांगली होती, प्रयोग चोख होता आणि उत्तर ‘उपयोग नाही’ असं आलं. विज्ञानात हेही उत्तरच असतं.

आणि जपानी लोकांचं काय? ते शैवाल खातात हे खरं. पण ते मासे खातात, चालतात, आरोग्य तपासण्या वेळेवर करतात, म्हातारपणीही काम करतात. एवढ्या गोष्टींतून एकटं शैवाल बाजूला काढून त्याच्या गळ्यात हार घालता येत नाही.

“नसेल फायदा, पण तोटा तर नाही ना? नैसर्गिकच आहे,” हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतेय. धोतराही नैसर्गिकच आहे, बाप्पा! एका लाल शैवालाचा काढा जपानमध्ये पूर्वी जंतांवर देत असत. त्यातून १९५३ मध्ये कायनिक आम्ल वेगळं काढलं. आज प्रयोगशाळेत उंदराला मुद्दाम फिट आणायची असेल, मेंदूतल्या पेशी मारायच्या असतील, तर हेच आम्ल वापरतात. म्हणजे शैवालातला पदार्थ म्हटला की मेंदूला चांगलाच, असं मुळीच नाही.

रोजच्या व्यवहारातला धोका मात्र आयोडीनचाच. जे कमी पडलं तर वाईट, तेच फार झालं तरी वाईट. एका पाहणीत बाजारातल्या शैवालाच्या एका ग्रॅममध्ये आयोडीन १६ मायक्रोग्रॅमपासून ८,००० मायक्रोग्रॅमपर्यंत आढळलं. नोरीत थोडं, कोंबूच्या जातीत प्रचंड. दिवसाची गरज १५०, हे ध्यानात ठेवा. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात कोंबू घातलेलं एक सोयादूध पिऊन लोकांची थायरॉईड बिघडली आणि ते दूध बाजारातून परत घ्यावं लागलं. ज्यांना थायरॉईडचा त्रास आहे, त्यांनी अशा कॅप्सूलपासून लांबच राहावं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असणाऱ्यांनीही सावध राहावं, कारण फ्युकॉयडनमध्ये रक्त गोठण्याला आडकाठी करण्याचा गुण दिसलेला आहे.

मित्राला मी त्या डबीचा फोटो पाठवायला सांगितला. लेबलवर आयोडीन किती, याचा उल्लेख नव्हता. परवाना अन्नपदार्थाचा होता, औषधाचा नव्हता. अशा परवान्यावर ‘आजार बरा होतो’ असा दावा करता येत नाही आणि डबीवर तो नव्हताही. तो दावा फक्त विकणाऱ्याच्या तोंडी होता. मी विचारलं, “आईला कोणत्या गोळ्या चालू आहेत?” तर बी.पी.ची आणि थायरॉईडची. शिवाय हातात पैसे कमी म्हणून बी.पी.ची गोळी एक दिवसाआड देण्याचा त्याचा विचार चालला होता. कॅप्सूल परवडावी म्हणून! बी.पी. वाढलं तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि स्मृती आणखी जाते. म्हणजे स्मृतीसाठी घेतलेली डबी स्मृतीच घालवणार होती.

मी त्याला म्हटलं, डबी परत कर आणि त्या पैशात आईला यवतमाळला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. तो गेला. रक्तात बी-१२ बरंच कमी निघालं. थायरॉईडच्या गोळीची मात्राही बदलावी लागली. कानात मळ साचून घट्ट झाला होता, तो काढला. बी-१२ ची इंजेक्शनं झाली. तीन-चार महिन्यांत आई जरा माणसांत आल्या, रात्री झोपू लागल्या, भर दुपारी माहेरी निघणं थांबलं. पण त्यांची आठवण पूर्वीसारखी झाली, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ती झालेली नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आहे आणि तो हळूहळू वाढणार, हेही सांगितलं आहे. मित्राला आता ते माहीत आहे आणि घर त्या हिशेबानं लावलं आहे. दाराची कडी वर बसवली, आईच्या साडीच्या आत फोन नंबर शिवला, आणि रात्रीच्या जागरणाच्या पाळ्या भावांत वाटून घेतल्या.

बी-१२ चा मुद्दा जरा थांबून सांगते, कारण तो आपल्या घराघरातला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. निम्म्याहून जास्त मातांमध्ये बी-१२ कमी आढळलं. ज्यांच्या आईला ते फार कमी होतं, ती मुलं नवव्या वर्षी स्मरणाच्या काही चाचण्यांत मागे पडली. बी-१२ वनस्पतीत जवळजवळ नसतं. नोरीत थोडं असतं म्हणतात, पण भाकर-पिठल्यावर जगणाऱ्या माणसाला नोरी कुठून आणून द्यायची? दूध, दही, अंडी आणि कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेली साधी गोळी किंवा इंजेक्शन. तेही त्या डबीपेक्षा कितीतरी स्वस्त.

देशात साठीच्या पुढच्या शंभरांपैकी साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वर्षी, २०२४ मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं की चौदा गोष्टी सांभाळल्या तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतात किंवा लांबणीवर पडू शकतात. त्या चौदा गोष्टींत समुद्रशैवाल नाही. काय आहे? वाढलेलं बी.पी., साखर, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, तंबाखूचा धूर, जास्तीची दारू, बसून राहणं, डोक्याला मार, हवेतलं प्रदूषण, न उपचारलेलं नैराश्य, कमी झालेलं ऐकू येणं, कमी झालेली नजर. आणि आणखी दोन, जी वाचताना मला आपली शाळा दिसली. एक म्हणजे लहानपणी मिळालेलं शिक्षण. दुसरी म्हणजे म्हातारपणातला एकटेपणा.

गुरुजनहो, तुम्ही आम्हाला उन्हातान्हात बसवून पाढे घोकून घेतलेत, कविता पाठ करून घेतल्यात, तेव्हा तुम्ही आमच्या म्हातारपणाची तरतूद करत होतात. हे मी कौतुकासाठी म्हणत नाही, पुराव्यानं म्हणते. शिकलेला मेंदू झीज जास्त काळ सोसतो.

म्हणून आता कामाचं बोलते. घरातल्या लेकी-सुनांना बाळ होणार असेल तर घरातलं मीठ आयोडीनयुक्त आहे ना, ते पुड्यावर पाहा. अलीकडे गुलाबी सैंधव मिठाची फार हवा आहे. त्यात साधारणपणे पुरेसं आयोडीन नसतं. उपासाला खा, रोजच्याला नको. बी.पी. असेल तर मीठ कमी खा, पण जे खाल ते आयोडीनचं खा. मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीच्या धगीपासून दूर ठेवा. बी.पी.ची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. घरात कुणी विसरायला लागलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. बी-१२, थायरॉईड, साखर, कान, डोळे, चालू असलेल्या गोळ्या, हे सगळं एकदा तपासून घ्या. यातलं काही सुधारतं, काही सुधारत नाही, पण कळलं की निदान पैसा आणि जीव योग्य जागी खर्च होतो.

समुद्रशैवालावरचं संशोधन बंद करा, असं मी म्हणत नाही. उलट जोरात होऊ द्या. उद्या त्यातून खरंच औषध निघालं तर सगळ्यात आधी मीच तुम्हाला फोन करीन. कुणाला आवड म्हणून नागपूरला जाऊन सुशी खायची असेल तर खुशाल खा. फक्त आशेच्या नावावर विकलेली डबी घेऊ नका.

शेवटी एक सूचना मांडते. या मेळाव्याच्या निधीतून दरवर्षी एक दिवस शाळेत तपासणी ठेवू. आपल्या सगळ्या गुरुजनांची, आपली आणि गावातल्या साठीच्या पुढच्या माणसांची. बी.पी., साखर, कान, डोळे. ज्यांना श्रवणयंत्र लागेल त्यांना ते आपण घेऊन देऊ. आपल्या वर्गात तीन डॉक्टर आहेत, दोन औषध दुकानदार आहेत आणि आरडाओरडा करून गाव गोळा करणारे तर पुष्कळ आहेत. जे गुरुजी आज प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत, त्यांच्या घरी प्रत्येक तालुक्यातल्या दोघांनी महिन्यातून एकदा जायचं, तासभर बसायचं. त्यांनी नाव चुकीचं घेतलं तरी ‘हो’ म्हणायचं. पहिलं नाव मी लिहिते, दारव्ह्याकडचं माझं. पुढची वही फिरते आहे, जेवायला जाण्याआधी आपलं नाव आणि वार लिहून द्या.